तांबूस पाठीचं पान

बुधवारी सकाळी, नवाला दहा-पंधरा मिनिटं कमी असताना, व्हर्ना आपल्या आईच्या नावानं खोटं बोलली. विनिपेगच्या त्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत आई नेहमीसारखी बाही वर सारून बसली होती आणि मारिसेल नावाची नर्स सुई लावायला वाकली होती. तेवढ्यात आई, हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात, आपल्या क्री या आदिवासी भाषेत म्हणाली, "हिला सांग, आता पुरे. मला हे यंत्र नको. मला घरी जायचंय." मारिसेलनं मान वर केली. "काय म्हणतात डॉर्कसआजी?" "थंडी वाजतेय म्हणते," व्हर्ना म्हणाली. मारिसेल गेली, गरम केलेली चादर घेऊन आली, आईच्या पायांवर घालून कडेनं नीट खोचली. आईनं चादरीकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे, मग खिडकीबाहेर. सुई आत गेली. रक्त धुणाऱ्या यंत्राची चाकं फिरायला लागली आणि आईचं रक्त नळीतून बाहेर पडून फिरून परत यायला लागलं. चार वर्षं आठवड्यातून तीनदा येत होतं तसंच.

शेजारच्या खुर्चीत होरेस मोनियास डोळे मिटून पडला होता. तोही उत्तरेकडचाच, आईच्या गावापासून दोन तलाव पलीकडचा. त्याचा एक पाय साखरेनं नेला होता, जीभ मात्र शाबूत होती. डोळे न उघडता तो म्हणाला, "पोरी, तुझं क्री बिघडलं की इंग्रजी?" व्हर्नानं ऐकलंच नाही असं केलं. "नाही, मी आपलं विचारलं," होरेस म्हणाला, "तुमच्या घरातलं मला काय! पण मलाही थंडी वाजायला लागली तर कुणाला सांगू, ते ठरवतोय."

खाली गाड्यांच्या तळावर येऊन व्हर्ना आपल्या गाडीत बसली. तिला ग्रंथालयात दहाला पोचायचं होतं, परत आलेली पुस्तकं फळ्यांवर लावायचं तिचं काम. तिनं किल्ली फिरवली नाही. आपण घाबरलो म्हणून असं बोललो, आई मरेल म्हणून घाबरलो, हे तिनं स्वतःला सांगून पाहिलं. कोणतीही मुलगी घाबरेल. पण ते खरं नव्हतं, आणि ती एकटी असल्यामुळे खरं काय ते तिला दिसत होतं. आई "आता पुरे" म्हणाली त्या क्षणी व्हर्नाच्या छातीतून काहीतरी उठून गेलं होतं. जड पेटी कुणीतरी पलीकडच्या टोकानं उचलावी तसं. तिला हलकं वाटलं होतं. एखाद्या श्वासापुरतं, पण वाटलं होतं. आणि त्या हलकेपणाचीच तिला अशी भीती वाटली की तिनं हाताला लागलं ते पहिलं वाक्य त्याच्यावर टाकलं. थंडी वाजतेय. म्हणजे आईला जगवायला ती खोटं बोलली नव्हती. आपण वाईट आहोत हे कुणाला कळू नये म्हणून बोलली होती.

चार वर्षांपूर्वी आई विमानातून उतरली तेव्हा तिच्या हातात पिठाची एक रिकामी पिशवी होती. "दोन आठवड्यांनी परत जायचंय, जाताना भरून नेईन," म्हणाली होती. गावातल्या दवाखान्यात ते यंत्र नव्हतं, येणारही नव्हतं. गावाला रस्ता नव्हता. हिवाळ्यात तलाव गोठले की बर्फावरून ट्रक जायचे, एरवी विमान. ज्याचं मूत्रपिंड गेलं तो शहरात यायचा आणि शहरातच राहायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आईलाही. दोन आठवडे ही नुसती बोलायची गोष्ट होती. मग व्हर्नाच्या दोन खोल्यांतली एक आईची झाली. दिवसाला एक लिटर पाणी. त्यातच सूप, त्यातच चहा, त्यातच गोळ्या गिळायचे घोट. व्हर्नानं एका बाटलीवर काळ्या शाईनं रेघा मारल्या. आई सकाळी उठली की आधी ती बाटली बघायची. उन्हाळ्यात दुपारी तिची जीभ टाळूला चिकटायची, आणि ज्या मुलीला तिनं तलावातून ओंजळीनं पाणी पाजलं होतं ती मुलगी म्हणायची, "आई, तीनच्या रेघेपर्यंत थांब ना." बर्फाचा खडा द्यायची चोखायला. आई खडा गालात ठेवून खिडकीशी बसायची. नवव्या मजल्यावरच्या त्या घरातून रेल्वेचे रूळ दिसत, लांब मालगाड्या दिसत. "सगळं कुठं ना कुठं चाललंय," एकदा आई म्हणाली होती. एवढंच.

गार्थ नावाचा एक माणूस दोन वर्षं व्हर्नाकडे येत असे. भला होता. रिजायनाला त्याची बदली झाली तेव्हा चल म्हणाला. "आईचं?" असं व्हर्नानं विचारलं, तर म्हणाला, "तिकडेही यंत्रं आहेत." पण तिकडे क्री बोलणारं कुणी आईला भेटलं नसतं, होरेस नसता, आणि पुन्हा नवी खुर्ची, नवी नर्स. व्हर्ना नाही म्हणाली. हे तिनं आईला कधी सांगितलं नाही. पण ज्या रविवारी गार्थ यायचा थांबला त्या रविवारी आईनं आपणहून बॅनॉक, गावाकडची जाड रोटी, भाजली आणि मोठा तुकडा तिच्या ताटात ठेवला. तो तिच्या घशाखाली उतरेना. दया केलेली तिला सहन होत नसे. त्यापेक्षा आईनं कटकट केलेली बरी.

त्या बुधवारी संध्याकाळी आई गप्प होती. रागावलेली नव्हती. सूप प्याली, बाटलीतली रेघ पाहिली, रेडिओ लावला. व्हर्ना भांडी घासताना पाठीवर नजर आल्यासारखी ताठ उभी होती. आईनं एकदा विचारावं, हिसका द्यावा, काहीतरी फेकून मारावं. काहीच नाही. गुरुवारही तसाच गेला. शुक्रवारी पुन्हा ती खुर्ची; आई निमूटपणे बाही वर करून बसली. मारिसेलनं "आज थंडी नाही ना?" म्हणून प्रेमानं विचारलं तेव्हा व्हर्नाला घाम फुटला. होरेस छताकडे बघून शीळ घालत होता. यंत्र थांबल्यावर, परत येताना गाडीत, व्हर्नाच अचानक म्हणाली, "आई, उद्या पानं तोडायला जायचं का? दलदलीत?"

चार वर्षं आई त्या पानांसाठी मागं लागली होती आणि चार वर्षं व्हर्ना नाही म्हणत आली होती. इस्पितळातल्या आहार सांगणाऱ्या बाईनं यादीच दिली होती: रानातल्या पाल्याचा चहा बंद, मूत्रपिंड नसलेल्या माणसाला झेपत नाही. दुकानातला चहा चालेल, अर्धा कप. त्या दुकानातल्या चहाला आई "कागदाचं पाणी" म्हणायची. गावाकडे खोकला आला, पोट बिघडलं, पाहुणा आला, कुणी गेलं, की चुलीवर केटली आणि केटलीत ती पानं. बाराही महिने हिरवं राहणारं झुडूप, कुठं गुडघ्याएवढं, कुठं कमरेएवढं, बर्फाखालीही हिरवं. आपण लाच देतोय, हे व्हर्नाला बोलताबोलताच कळलं. "प्यायचा मात्र नाही," ती घाईनं म्हणाली. "नुसती तोडायची. सायलसला पाठवू गावाकडे."

"सायलसला!" आई म्हणाली. "त्याच्या दाराबाहेर दलदल आहे. मासे विकणाऱ्याला मासा पाठव." पण तिचा चेहरा वळला होता. "बूट काढून ठेव माझे," म्हणाली.

शनिवारी दोघी दोन तास ईशान्येला गेल्या. सप्टेंबर संपत आला होता. शेतं संपली, खडक दिसायला लागले, मग ठेंगणी काळी स्प्रूसची झाडं, त्यांच्यामध्ये लार्च पिवळे पडलेले. आई काचेला नाक लावून बसली होती. एका ठिकाणी "थांब" म्हणाली. व्हर्नाला तिथं वेगळं काही दिसलं नाही. आईनं दार उघडलं, काठी टेकली, आणि नवव्या मजल्यावर न्हाणीघरापर्यंत जाताना तीनदा थांबणारी ती बाई चर ओलांडून शेवाळावर चढली. वास आला. आंबट, थंड, कापरासारखा. पाय टाकला की जमीन खाली जाई आणि उचलला की हळूहळू वर येई, निजलेल्या जनावरासारखी. आईनं खिशातून तंबाखूची चिमूट काढली, पानांच्या मोबदल्यात पहिल्या झुडपाच्या मुळाशी ठेवली आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटली. व्हर्ना बाजूला उभी राहिली, दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखी अवघडून.

मग आईनं तोडायला सुरुवात केली आणि व्हर्नाला तिचे हात आठवले. म्हणजे ते हात रोज समोर होते. सुयांनी सुजलेले, दोरखंडासारखी शीर फुगलेले. पण हे दुसरे हात होते. अंगठा आणि एक बोट, टक, टक, एका झुडपाची चार-पाच पानं, की पुढचं झुडूप. शेंड्याला हात नाही. कोवळ्याला नाही. व्हर्ना लहानपणी फांदी धरून ओरबाडायची आणि आई तिच्या हातावर फटका मारायची. तिनं आताही दोन्ही हातांनी भराभर तोडून आपली पिशवी पुढं केली. आईनं आत हात घालून एक पान काढलं. "हे काय आणलंस?" "तेच की." "उलटं कर." पान उलटं केलं तर खालून पांढुरकं, गुळगुळीत. आईनं आपलं पान उलटं करून शेजारी धरलं. कडा आत वळलेल्या, आणि पाठीवर तांबूस लोकर, गंजाच्या रंगाची, दाट. "ही लोकर नसेल तर विष," आई म्हणाली. "वरून दोन्ही सारखीच. ग्रंथालयात नाही का हे सांगत?" आणि तिनं व्हर्नाची सगळी पिशवी शेवाळावर पालथी केली. दोघी गुडघे टेकून निवडायला बसल्या. एक एक पान उलटं करायचं, लोकर बघायची, ठेवायचं नाहीतर टाकायचं. ऊन पाठीवर होतं. कुठेतरी एक कावळा दरवाजा करकरावा तसा ओरडत होता. व्हर्नाला वाटलं, हे संपूच नये. आणि लगेच वाटलं, हे कधी एकदा संपतंय.

परत फिरताना आई खचली. वाकडी वाट धरायची सोडून ती सरळ गाडीकडे निघाली आणि तिचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. ती ओरडली नाही. नुसती बसल्यासारखी झाली, स्कर्ट शेवाळावर पसरून. व्हर्ना धावली. काखेत हात घालून ओढलं तर तिचेच पाय घोट्यापर्यंत रुतले. पाणी बर्फासारखं गार होतं. "हलू नकोस," आई म्हणाली, "धडपडलं की जास्त ओढते." व्हर्ना आईच्या मागं बसली, तिला छातीशी धरून. धापा टाकत. आईचं वजन किती कमी झालं होतं! रोज तराजूवर आकडा बघायची ती, पण वजन तिनं आज हातात धरलं.

"त्या पोरीला तू काय सांगितलंस?" आईनं विचारलं. समोरच बघत.

"कुठल्या पोरीला?"

"थंडी," आई म्हणाली, आणि तो शब्द इंग्रजीत म्हणाली, स्वच्छ, मुलांच्या पुस्तकातल्यासारखा. सातव्या वर्षी तिला आईबापांपासून तोडून नन्सच्या निवासी शाळेत नेलं होतं, तिथं क्री बोलायला बंदी होती. परत आली तेव्हा इंग्रजी तिथंच पुरून आले, असं ती सगळ्यांना सांगायची. व्हर्नानं उभ्या जन्मात तिच्या तोंडून इंग्रजी ऐकलं नव्हतं. "सहा वर्षं होते मी तिथं. सहा हिवाळे. थंडी कशाला म्हणतात तेवढं मला कळतं."

"मग तूच का नाही सांगितलंस तिला?" व्हर्ना ओरडली. तिचा आवाज झाडांत जाऊन बुडाला. "येतं ना तुला! मग मला कशाला..."

"त्या भाषेत मी फक्त 'हो सिस्टर' म्हणायला शिकले," आई म्हणाली. "मरायचं आहे हे मी त्या भाषेत नाही मागणार. इथं माझं तोंड तू आहेस, पोरी. माझं तोंडच खोटं बोलायला लागलं तर मी कुणाकडे जाऊ?"

व्हर्नानं तिच्या खांद्याला डोकं टेकलं. आणि मग, पाय गारठून बधिर झाले असताना, तिनं ते सांगितलं. तुझं ऐकून मला हलकं वाटलं, म्हणाली. मला सुटल्यासारखं वाटलं, आई. म्हणून मी तसं बोलले. सांगून झाल्यावर तिनं वाट पाहिली. काहीतरी तुटेल, असं तिला वाटत होतं. आईचं अंग हलायला लागलं. रडतेय असं वाटून व्हर्नानं वाकून पाहिलं, तर ती हसत होती.

"मेले, तुला चार वर्षांनी वाटलं?" आई म्हणाली. "माझी आई वातानं अंथरुणाला खिळली होती तेव्हा मला दुसऱ्याच आठवड्यात वाटलं होतं. चल, ओढ. आता ओढ. पायाच्या दिशेनं नाही, मागं, मागं पड."

दोघी मागं कलंडल्या. पाय सुटला, मोठा चोखल्यासारखा आवाज झाला, बूट आतच राहिला. व्हर्ना हात घालून शोधायला लागली तर आई म्हणाली, "राहू दे. मला आता दोन कशाला लागतायत?" व्हर्नानं तिला पाठुंगळी मारून गाडीपर्यंत नेलं. पानांची पिशवी आईनं तिच्या गळ्यासमोर धरली होती आणि वाटभर ती व्हर्नाच्या हनुवटीला घासत होती.

सोमवारी मारिसेल सुई घेऊन आली तेव्हा व्हर्ना म्हणाली, "थांबा. बुधवारी आई जे म्हणाली ते मी तुम्हाला सांगितलं नाही." सगळं सांगायला एक मिनिटही लागलं नाही. मारिसेल खुर्चीच्या हातावर बसली. तिनं सुई परत ताटलीत ठेवली, हातमोजे काढले आणि उघड्या हातानं आईचा हात धरला. "माझी आई समुद्रापलीकडे, इलोइलोला आहे," ती म्हणाली, कुणालाच न म्हटल्यासारखं, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. होरेसनं आईकडे मान वळवली. "म्हणजे खिडकीजवळची खुर्ची मोकळी होणार," तो क्रीमध्ये म्हणाला. "घे बाबा," आई म्हणाली, "पण उन्हानं तुझं टक्कल भाजेल." होरेस बराच वेळ डोळे पुसत होता आणि औषधाला शिव्या देत होता.

डॉक्टर तरुण होता. इस्पितळाची दुभाषी बाई बोलावू म्हणाला. आईनं मान हलवली: हीच सांगेल. मग तो बोलायला लागला आणि व्हर्ना ऐकत राहिली. शक्यता, आराम, पर्याय, कुटुंबाचा पाठिंबा. त्यातून तिला वाक्य काढायचं होतं. क्रीमध्ये त्यातल्या निम्म्या शब्दांना शब्दच नाहीत. फक्त मरणाला आहे. ती आईकडे वळली. "यंत्र थांबलं की तू मरशील. आठ दिवस, दहा दिवस, फार तर दोन आठवडे." तिचा आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. आई म्हणाली, "मला कळलं. मला घरी जायचंय. आणि त्याला विचार, एवढं बोलायला त्याला इतका वेळ का लागला." व्हर्नानं तेही सांगितलं, जसंच्या तसं. डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कागद पुढं आला. आईनं सही केली; अक्षरं मोठी, सुटी सुटी, शाळेतली.

गुरुवारी त्या गावी पोचल्या. धावपट्टीवर अर्धं गाव उभं होतं आणि पुढं सायलस, व्हर्नाचा भाऊ, दाढी वाढलेला, ट्रकमध्ये गादी घातलेली. चार वर्षांत तो एकदाही विनिपेगला आला नव्हता. सुट्टी नाही, विमान चुकलं, पाय मुरगळला. आईच्या कपाळाला कपाळ लावून तो उभा राहिला. व्हर्नाकडे त्यानं पाहिलं नाही. रात्रीच्या जेवणाआधी अंगणात त्यानं तिला गाठलं. "तू हो म्हणालीस?"

"आई म्हणाली. मी सांगितलं."

"सांगायचंच नाही ना मग!"

व्हर्नाला हसू आलं, वाईट हसू. न सांगणं मलाही येत होतं, असं तिला म्हणावंसं वाटलं. ती आत निघून गेली. घरात बायका आल्या होत्या, पांढऱ्या माशाचं सूप होतं, कुणी बिंगोची भांडणं सांगत होतं. चुलीवर दलदलीच्या पानांचा चहा होता, शहराजवळून आणलेल्या नाही, इथल्या. "ती तिकडची पानं म्हणजे गाड्यांचा धूर प्यायलेली," असं म्हणून आईनं ती पिशवी शेजारणीच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घालायला लावली. तिनं कप दोन्ही हातांत धरला. व्हर्नाचं लक्ष आपसूक कपाच्या काठाकडे गेलं, किती भरलाय बघायला. तिनं मान फिरवली. पण पुढचे सगळे दिवस, कुणी आईला पाणी दिलं की तिचं मन तिच्या नकळत बेरीज करायचं. सहाशे, सातशे, नऊशे. आईचे पाय फुगत गेले. हजाराच्या पुढं गेलं की व्हर्ना उठून बाहेर जायची. सुटका अशी नसते, हे तिला तेव्हा कळत गेलं. दार उघडल्यावरही आपण आत बसलेलो असतो आणि रेघा बघत असतो.

सकाळी ती बायकांबरोबर घरामागच्या दलदलीत जायची, कारण आई हाकलायची. "तोंडासमोर बसू नकोस. पानं आण. नीट आण." इथं झुडपं कमरेपर्यंत होती. व्हर्ना अंगठा आणि बोटानं तोडायची, उलटं करून लोकर बघायची, चार-पाच झाली की पुढं. "शहरातली बाई सुधारली," बायका म्हणायच्या. दोन तास तिचं डोकं रिकामं राही. मग घरी परत यायचं, उंबऱ्याशी थांबून आतला श्वास ऐकायचा. ऐकू आला की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याच्या मागोमाग ते दुसरंही यायचं; अजून किती? ती त्या दोघांना आता वेगळं करायला जात नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी आई झोपेतून उठली. सायलस लाकडं आणायला गेला होता. खोली धुरानं भरली होती. व्हर्ना चूल फुंकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आई चुलीकडे बघून काही बोलली, हळू, स्पष्ट. व्हर्ना हसली. तिनं धुराड्याची झडप वरखाली केली, धूर बाहेर जायला दार उघडलं, आणि परत आली तेव्हा आई गेली होती. तोंड थोडं उघडं, जणू वाक्य पुढं आहे. व्हर्ना अंथरुणाच्या कडेला बसली. काहीच उठून गेलं नाही छातीतून. सगळं होतं तिथंच होतं. तिनं फुंकर मारून आईच्या केसांवरची राख उडवली.

सायलस ओंडके घेऊन आला तो दारातच थांबला. त्याला कळलं. लाकडं तशीच हातांत. तो म्हणाला, "काही बोलली?"

"हो."

"माझ्याबद्दल?"

व्हर्नानं त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, नाक वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. त्याला काय हवं होतं ते तिला दिसत होतं. असं एक वाक्य तिच्या जिभेवर तयारही होतं, मऊ, ऊबदार, कडेनं नीट खोचलेलं. ते दिलं असतं तर त्यानं जन्मभर जपलं असतं.

"म्हणाली, सायलसनं ओली लाकडं आणलीत," व्हर्ना म्हणाली. "इतका मोठा झाला तरी अक्कल आली नाही, म्हणाली."

सायलसचा चेहरा पिळवटला. हसला की रडला ते सांगता येईना. हातातली लाकडं त्यानं एकेक करून भिंतीशी रचली, सावकाश, साली वरच्या बाजूला ठेवून, जशी आई रचायला लावायची तशी. शेवटचं लाकूड हातात धरून, त्यावर अंगठा फिरवत तो म्हणाला, "ओलीच होती गं."